साबणदाणीतली प्लेट

ताईच्या दातांबद्दल आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. वरचे दोन दात ओठांच्या बाहेर आलेले आणि त्यांच्या शेजारचे दोन मागे दबलेले, हे सगळ्यांना दिसायचं. पण तो विषय निघायचा फक्त तिला बघायला कोणी येणार असलं की. आई तिचा पदर नीट करता करता हळूच म्हणायची, "ओठ मिटून बस." ताई ओठ मिटून बसायची. मिटायला तिला जोर लावावा लागायचा, त्यामुळे ती रागावल्यासारखी दिसायची. मंडळी चहा संपवायची, 'कळवतो' म्हणायची आणि जायची. कळवायचं कोणीच नाही.

मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. दात माझेही तसेच, बाबांच्या वळणावर गेलेले. आम्ही डोंबिवलीत राहायचो आणि ताई एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. मी सातवीत असताना शाळेत दातांची तपासणी झाली आणि मला एक चिठ्ठी मिळाली. बाबांनी ती वाचून कॅलेंडरच्या मागे खोचली. ताईने ती तिथून काढली, शनिवारी अर्धी रजा घेतली आणि मला ठाण्याला तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कोणाला विचारलं नाही.

डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुमचेही होतील. वेळ थोडा जास्त लागेल, पण होतील."  घरी आल्यावर ताईने आईला जितक्या सहज सांगता येईल तितक्या सहज सांगितलं. आई म्हणाली, "अगं, आता तुझं बघायचं चाललंय. तोंडात तारा घालून दाखवू तुला?" ताईने मान डोलावली. ज्या दातांपायी नकार येत होते ते सरळ करायचे नाहीत, कारण तिला दाखवायचं आहे! आज हे लिहिताना माझा संताप होतो, पण तेव्हा बारा वर्षांच्या मलाही आईचं पटलं होतं. घरात सगळ्यांनाच पटलं होतं, हीच तर त्यातली वाईट गोष्ट.

तारा मला लागल्या. दर महिन्याला एका शनिवारी ताई मला ठाण्याला न्यायची. डॉक्टर तारा घट्ट करायचे आणि मग दोन दिवस दातावर दात ठेवता यायचा नाही. तलावपाळीजवळच्या हॉटेलात ताई माझी इडली सांबारात कुस्करून द्यायची आणि मी रडतरडत ती गिळायची. ती कधी 'सोस जरा' म्हणाली नाही. नुसती बघायची. घरी आल्यावर माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायची आणि म्हणायची, "बघ, या दोघांतली फट गेली." मला आरशात काही कळायचं नाही. तिला सगळं कळायचं. माझ्या तोंडात काय चाललंय हे माझ्यापेक्षा तिलाच जास्त माहीत होतं. त्या अडीच वर्षांत तिला आणखी चार नकार आले.

तारा निघाल्या त्या दिवशी मी जिभेने दात चाटत बसले होते. इतके गुळगुळीत की माझे वाटेनात. डॉक्टरांनी गुलाबी रंगाची प्लेट दिली. टाळूला चिकटून बसणारी, आणि पुढून दातांवरून जाणारी एक तार. "आता हिचंच महत्त्व," ते म्हणाले. "दात मोकळे झाले म्हणजे जागेवर बसले असं नाही. हाड घट्ट व्हायला वेळ लागतो. तोवर हे पुन्हा जुन्या जागी जायला बघणार. दिवसरात्र घालायची, फक्त जेवताना काढायची. गरम पाण्याने धुवायची नाही, वाकडी होईल. आणि कागदात नाहीतर रुमालात गुंडाळून ठेवायची नाही. हमखास फेकली जाते." हे सगळं ते ताईकडे बघून सांगत होते. मी काचेच्या कपाटातले दातांचे साचे बघत होते.

घरी आल्यावर ताईने स्वतःची साबणदाणी बाहेर काढली. कुठे बाहेरगावी जायचं झालं तर म्हणून घेतलेली, निळी, झाकणाची. ती कधी कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे दाणी नवीकोरी होती. तिला खालून एक भोकही पाडलं, वारा लागावा म्हणून. तेव्हापासून तो नेम झाला. मी जेवायला बसायच्या आधी प्लेट काढून ताईच्या हातात द्यायची. माझं जेवण होईपर्यंत ती मोरीत उकिडवी बसून जुन्या ब्रशने, दंतमंजन लावून प्लेट घासायची, गार पाण्यात बुचकळायची आणि माझ्या पानाशेजारी दाणी ठेवायची. मी उठले की म्हणायची, "घाल." आईला ते किळसवाणं वाटायचं. तोंडातली वस्तू पानाशेजारी म्हणून ती तोंड फिरवायची. ताईला कधी किळस आली नाही.

मला मात्र त्या प्लेटचा वैताग होता. बोलताना जीभ अडखळायची, वर्गात पोरी नक्कल करायच्या. तोंडात सारखी लाळ. मी ती काढून दप्तरात टाकायची आणि घराच्या जिन्यात परत घालायची. ताईला एकदा कळलं. तिने मारलं नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "माझ्याकडे बघ आणि मग ठरव." पंधराव्या वर्षी कोणी असं बोललं की राग येतो. मला आला, पण पुढे दोन महिने मी प्लेट काढली नाही.

त्याच सुमारास ताईचं जमलं. मुलगा आंबिवलीचा, वयाने बराच मोठा, अबोल. घरात चालायचं सासूबाईंचं. बघायला आल्या तेव्हा ताई ओठ मिटून बसली होती आणि त्या आईला म्हणाल्या, "मुलगी गंभीर आहे. बरं असतं तसं." दात पुढे आहेत हे त्यांनी पाहिलंच असणार, त्या काही आंधळ्या नव्हत्या. पण किती पुढे आहेत ते पाहिलं नव्हतं.

लग्न डोंबिवलीतच, एका हॉलमध्ये झालं. निघताना ताईने, स्वतःच्या अंगाला हळद लागलेली असताना, मला बजावलं, "दाणी घेतलीस?" मी हो म्हटलं. घेतली नव्हती. नव्या घागऱ्याला खिसा नव्हता, आणि हातात साबणदाणी घेऊन मिरवायची मला लाज वाटत होती.

पंगतीत माझ्या समोर नवऱ्यामुलाच्या चुलतबहिणी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तोंडातून लाळेची प्लेट काढायची कल्पनाच मला सहन होईना. मी मान खाली घालून, जिलेबी उचलायच्या निमित्ताने ती काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि केळीच्या पानाच्या कडेखाली सरकवली. डॉक्टरांनी जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते, अगदी तसंच. मसालेभात निम्मा खाल्ला असेन नसेन, तोवर पलीकडे वधूवरांच्या पंगतीत ताई नाव घेणार म्हणून हाकाटी झाली. मी पान तसंच टाकून धावले. ताईने खाली बघत, ओठ जेमतेम हलवत नाव घेतलं. सगळे हसले, मीही हसले. परत आले तर आमची पंगत उठली होती, पानं उचलली होती आणि वाढपी दुसऱ्या पंगतीची पानं मांडत होते.

मी कोणाला काही बोलले नाही.  वाटलं, दोन-चार दिवसांनी हरवली म्हणून सांगू. ताई तेव्हा आंबिवलीला असेल.

पाठवणीच्या आधी ताई साडी बदलून खोलीत बसली होती. मावशी काहीतरी बोलली आणि मी हसले. ताईने लगेच मान वळवली. एवढ्या गर्दीत, एवढ्या गडबडीत माझ्या दातांवर तार नाही हे तिला दिसलं.

"प्लेट कुठाय?"

मी रडायला लागले. "पानाखाली ठेवलेली," एवढंच म्हटलं.

ती उठली. कोणाला काही न सांगता मागच्या दाराने बाहेर गेली आणि मी तिच्या मागे. हॉलच्या मागे उष्ट्या पानांचा ढीग होता. दुपारच्या उन्हात आंबूस वास सुटलेला. एक गाय ढिगात तोंड घालून पानं ओढत होती. ताईने तिला हाकललं, शालू गुडघ्यापर्यंत वर खोचला, आणि कपाळावर मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा, अशी ती ढिगात हात घालून एकेक पान उलगडायला लागली. मठ्ठा, वरण, चघळलेल्या शेंगा. मेंदीचे हात पांढरे झाले. मी दारात उभी होते. मी खाली उतरले नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हरवली माझी होती, चूक माझी होती आणि मी घागरा खराब होईल म्हणून पायरीवर उभी होते.

"कागद कसला होता?" तिने न बघता विचारलं.

"गुलाबी."

तेवढ्यात सासूबाई नवरीला शोधत आल्या. सोबत त्यांची बहीण. त्या माझ्या मागे येऊन थांबल्या आणि समोरचं बघत राहिल्या. ताईची पाठ होती, तिला कळलं नाही. तिने एक चुरगळलेला गोळा उचलला, उलगडला आणि वळली. हातात प्लेट होती. तारेत भाताची दोन शितं अडकली होती.

"सापडली," ती म्हणाली आणि हसली. ओठ मिटायचे असतात हे विसरून, सगळे दात दाखवून हसली. तशी हसलेली मी तिला त्याआधी फार थोड्या वेळा पाहिली होती. मग तिला त्या दिसल्या.

सासूबाई ओरडल्या नाहीत. बहिणीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "लक्ष्मी म्हणून न्यायला आलो, ती उकिरड्यावर सापडली."

ताईने नळाखाली आधी प्लेट धुतली, मग हात. प्लेट माझ्या हातात देऊन म्हणाली, "घरी गेल्यावर नीट घास. मंजन लावून. मग घाल. आजच घाल." आणि गेली. पाठवणीच्या वेळी ती रडली नाही, त्यावरही त्या मंडळींत कुजबुज झाली.

घरी आल्यावर मी प्लेट तीनदा घासली. मंजनाने, मग साबणाने, मग पुन्हा मंजनाने. तोंडाजवळ नेली की मला गाईचं ओलं तोंड दिसायचं. वास येत नव्हता, पण मला येत होता. मी ती वाटीत पाण्यात ठेवली आणि उद्या घालू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. आईला ती वाटी दिसली की ती बिथरायची. "नजरेसमोर नको ती," म्हणायची. बाबा एकदा मला बोलायला लागले तर आईनेच त्यांना थांबवलं. "कोणाला बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ." आठवड्याने मी प्लेट साबणदाणीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. माझी त्यातून सुटका झाली, असंच मला तेव्हा वाटलं. खोटं कशाला सांगू?

आंबिवलीहून ताई फार येत नसे, पाठवतच नसत. जे कळायचं ते तुकड्यातुकड्याने. पूजेला तिला प्रसादाला हात लावू दिला नाही. घरात पाहुणे आले की सासूबाई ती गोष्ट सांगायच्या, नेहमी हसत हसत, थट्टा केल्यासारखी. जेवणं झाली की खरकटं काढायचं काम तिचंच, "तिला सवय आहे" म्हणून. नवरा वाईट नव्हता. तो काहीच नव्हता. सहा महिन्यांनी ताईला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. तेव्हाही सासूबाईंनी तोच हात काढला. "लग्नाच्या दिवशी उष्ट्यात घातलेला हात," त्या डॉक्टरीणबाईंसमोर म्हणाल्या म्हणे.

आईने डिंकाचे लाडू देऊन मला आंबिवलीला पाठवलं. ताई मागच्या अंगणात भांडी घासत होती. वाळली होती. मी शेजारी बसून भांडी विसळायला लागले.

"बोलतात का गं अजून?" मी विचारलं.

"बोलू देत," ती म्हणाली. "मी मनात म्हणते, बोला. माझ्या बहिणीचे दात सरळ आहेत. माझ्या हातून एक गोष्ट तरी नीट झाली." मग तिने राखेचे हात धुतले, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. "घालतेस ना?"

"आता फक्त झोपताना घालायची, असं डॉक्टर म्हणाले." इतकं सफाईने मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. डॉक्टरांकडे मी तिच्या लग्नानंतर गेलेच नव्हते.

"दाखव." मी ओठ थोडेसे उघडले. संध्याकाळ होत आली होती, परसात उजेड कमी होता. "छान," ती म्हणाली.

घरी पोहोचल्याबरोबर मी दाणी खाली काढली. प्लेट धुतली, आणि या खेपेस गाय वगैरे काही आठवलं नाही. तोंडात घातली. बसेना. मागच्या बाजूने बसायची तर पुढची तार दातांवर चढेना. दात सरकले होते. आरशात मला दिसत नव्हते, पण प्लेटला ते कळलं होतं. मी अंगठ्याने दाबली, मग दोन्ही अंगठ्यांनी. हिरडीतून रक्त आलं. मी म्हटलं येऊ दे आणि सगळा जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला आणि प्लेट मधोमध तडकली. दोन तुकडे, एका तारेने जोडलेले. मी मोरीत बसून रडले. ताई जिथे बसून ती घासायची तिथेच.

एकदा ठाण्याला गेले, एकटी. नवी करून घेऊ, डॉक्टरांचे पाय धरू, असं ठरवून गेले. जिन्यात उभी राहिले. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, 'ताई कुठे?' त्याचं उत्तर काय देऊ ते सुचेना. तशीच खाली उतरले. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

त्यानंतर दात भराभर फिरले. वर्षभरात पुढचा एक दुसऱ्यावर चढला. मी ताईकडे जायचं टाळायला लागले. कधी ओरल, कधी परीक्षा, कधी अंगात कणकण. गेलेच तर तोंडावर हात ठेवून बोलायची. ती म्हणायची, मोठी झालीस, लाजायला लागलीस.

ताईला पुन्हा दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात ती बाळंतपणासाठी घरी आली. आता तीन-चार महिने एका खोलीत. मी कॉलेजातून येईपर्यंत तिची जेवणवेळ टळली होती, तरी थांबली होती. आईने दोघींची पानं वाढली. बसायच्या आधी ताईने, जड अंगाने भिंतीला धरून, माझ्यापुढे हात पसरला.

"आण तुझी प्लेट. तू जेव, मी घासून देते."

ती विसरली नव्हती. एवढ्या दोन-अडीच वर्षांत रोज दोन वेळा तिने तो हात मनातल्या मनात पुढे केला असेल, असं मला तेव्हा वाटलं. झोपताना घालते, हे खोटं पुन्हा सांगता आलं असतं. मला ते जमलं नाही. मी कपाटावरून साबणदाणी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

झाकणावर धूळ होती. तिने ती पदराने पुसली, मग झाकण उघडलं. दोन तुकडे बाहेर काढले, जुळवून बघितले. मग माझ्याकडे बघितलं. माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं. भर दुपार होती. मी तोंड उघडलं. तिने वरचे बघितले, मग खालचे, मग पुन्हा वरचे. डॉक्टर बघायचे तसे, सावकाश.

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नापासून."

"एकदाही नाही?"

मी मान हलवली. माझ्या मनात होतं, तिने मारावं. चार लोकांत मला उभं करून सगळं सांगावं. ती मोरीत गेली, पोट सांभाळत बसली आणि जुना ब्रश घेऊन ते दोन तुकडे घासायला लागली. तारेच्या खाचेतून, कडेकडेने, पूर्वी घासायची तसे. आई म्हणाली, "अगं, पान निवतंय, काय करतेस ते?" ताई घासत राहिली. गार पाण्यात बुचकळून तुकडे दाणीत ठेवले, झाकण लावलं आणि ती माझ्या पानाशेजारी ठेवली. मग आपल्या पानावर बसली आणि भात कालवायला लागली.

"बारशाला ते सगळे येतील," ती खाली बघत म्हणाली. "सासूबाई येतील. त्यांना कळायला नको. ओठ मिटून बस."

मी बसले. नंतर त्यांच्या घरी मुलाच्या वाढदिवसांना गेले, सणांना गेले, सासूबाई गेल्या तेव्हाही गेले. आता तिथे लपवावं असं कोणी उरलेलं नाही. तरी ताईसमोर मी अजून ओठ मिटूनच बसते, आणि तीही मला कधी 'तोंड उघड' म्हणत नाही.